जोडा, पण गिळू नका: मराठी निवेदन शिकणाऱ्यांसाठी उच्चारांचा वाटाड्या

माइकसमोर पहिल्यांदा बसणारा माणूस फार जपून वाचतो. प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येक अक्षर भरलेलं, प्रत्येक अनुस्वार नाकातून. ऐकणाऱ्याला नेमकी चूक सांगता येत नाही, पण दोन मिनिटांत त्याचं लक्ष उडतं, कारण असं कुणी बोलत नाही. कागदावर दोन शब्दांमध्ये जागा असते, तोंडात ती नसते. मग कुणीतरी सांगतं, ‘जरा नैसर्गिक वाच’, आणि तोच माणूस दुसऱ्या टोकाला जाऊन ‘नाही’चं ‘नै’ आणि ‘पाहिजे’चं ‘पायजे’ करायला लागतो.

सलग बोलताना ध्वनी बदलतात, पण ते मनाला येईल तसे बदलत नाहीत. काही बदल व्हायलाच हवेत, काही चालतात, आणि काही ओट्यावर शोभतात पण ध्वनिमुद्रणात नाही. हे तीन ढीग वेगळे करता आले की निम्मं काम झालं. खालचा क्रम निवेदन, बातम्या, ऑडिओबुक यांसाठीच्या प्रमाण मराठीचा आहे. कथेतलं पात्र वऱ्हाडी किंवा मालवणी बोलत असेल तर तिथे त्या बोलीचेच नियम चालतात, त्यांना इथल्या पट्टीने मोजू नका.

तयारी

शंभर-सव्वाशे शब्दांचा गद्य उतारा घ्या. कविता नको. वृत्तात आणि गाण्यात एरवी गळणारे स्वरही उच्चारावे लागतात, त्यामुळे सुरुवातीलाच घोळ होतो. उतारा मोठ्या टायपात आणि दोन ओळींमध्ये दुप्पट अंतर ठेवून छापा, कारण मधल्या जागेत खुणा करायच्या आहेत. पेन्सिल हवी, पेन नको. फोनचा रेकॉर्डर पुरतो. फोन तोंडापासून एक वीतभर लांब आणि थोडा बाजूला ठेवा, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ची फुंकर थेट आत जाणार नाही.

खुणा चारच ठेवा. छोट्या थांब्याला एक उभी रेघ, मोठ्याला दोन, जोडायच्या शब्दांखाली कमान आणि ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याखाली आडवी रेघ. याहून जास्त खुणा केल्या तर वाचताना डोळे खुणाच वाचत बसतात.

पहिली पायरी: गट पाडा

ध्वनींचे बदल एका श्वासगटाच्या आत होतात. थांबा आला की साखळी तुटते. म्हणून उच्चारांकडे वळण्याआधी गट ठरवा. साधारण तीन ते पाच शब्दांचा गट सोयीचा असतो.

काही जोड्या कधीही फोडायच्या नाहीत: ‘चा-ची-चे’ लागलेला शब्द आणि त्याचं नाम, विशेषण आणि नाम, क्रियापद आणि त्याचं सहायक. ‘करत होता’, ‘येऊ शकतो’, ‘जाऊन आला’ हे तोंडाच्या दृष्टीने एकेकच शब्द आहेत.

छोट्या शब्दांची गंमत वेगळी. ते कुणाला तरी टेकतात, आणि कुणाला टेकतात ते कागद सांगत नाही. ‘की’ मागच्या शब्दाला टेकते: ‘तो म्हणालाकी | उद्या येतो’. छापताना स्वल्पविराम पुष्कळदा ‘की’च्या आधी पडतो आणि नवखे तिथेच थांबतात. तो डोळ्यांसाठी आहे, तो ओलांडून ‘की’नंतर थांबा. ‘तर’ही मागे टेकतो: ‘आलातर | सांगतो’. ‘आणि’ आणि ‘किंवा’ पुढे टेकतात. ‘पण’ दोन्हीकडे जातो. ‘पण तो आला नाही’ यातला पुढच्या शब्दांना लागतो, ‘मी पण येतो’ यातला मागच्या ‘मी’ला चिकटतो.

गट चुकला की अर्थही चुकतो, आणि बातम्यांत ते महागात पडतं. ‘अध्यक्षांनी काल राजीनामा दिल्याचं सांगितलं’ हे वाक्य घ्या. ‘अध्यक्षांनी काल | राजीनामा दिल्याचं सांगितलं’ असं वाचलं तर सांगणं कालचं. ‘अध्यक्षांनी | काल राजीनामा दिल्याचं | सांगितलं’ असं वाचलं तर राजीनामा कालचा. लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते आधी विचारून घ्या, अंदाजाने रेघ मारू नका.

दुसरी पायरी: कुठला ‘अ’ गळतो ते शोधा

मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गळतो हे सगळ्यांना अंगवळणी असतं. ‘घर’ कुणी ‘घरऽ’ म्हणत नाही. जोडाक्षराने संपणाऱ्या ‘मित्र’, ‘चंद्र’, ‘शब्द’ यांत मात्र तो पुसटसा राहतो, आणि राहू द्यावा. नवखे अडतात ते मधल्या ‘अ’वर. अक्षर न अक्षर वाचण्याच्या नादात ते ‘स-र-का-र’ म्हणतात. बोलण्यात ते ‘सर्कार’ असतं. तसंच जनता → जन्ता, तिकडे → तिक्डे, अडचण → अड्चण, बदली → बद्ली, परवानगी → पर्वान्गी, कागदावर → काग्दावर.

ढोबळ नियम असा: ज्या ‘अ’च्या दोन्ही बाजूंना एकेकच व्यंजन आहे आणि त्यापलीकडे दोन्हीकडे स्वर आहे, तो ‘अ’ गळायला तयार असतो. आधी जोडाक्षर असेल तर तो टिकतो, नाहीतर तोंडात तीन व्यंजनांचा गठ्ठा होईल. म्हणून ‘पुस्तकं’ हे ‘पुस्त्कं’ होत नाही.

क्रियापदात मात्र सांधा बघावा लागतो. धातू कुठे संपतो ते शोधा, ‘अ’ तिथे गळतो. ‘उतर + ला’ म्हणून ‘उतर्ला’, ‘उत्रला’ नाही. ‘समज + लं’ म्हणून ‘समज्लं’. पण प्रत्यय स्वराने सुरू झाला की गळणारी जागा एक घर मागे सरकते: ‘उतरू’चं ‘उत्रू’, ‘समजून’चं ‘सम्जून’. सांध्यावरच्या या गळतीपुढे जोडाक्षराची अडचणही चालत नाही, म्हणून ‘थांबली’ हे ‘थाम्ब्ली’ आणि ‘सांगतो’ हे ‘साङ्ग्तो’ होतं. सामासिक शब्दातही सांधा आधी बघा. ‘नगरपालिका’ म्हणजे ‘नगर्‌ + पालिका’. घाईत कुणी ‘नग्रपालिका’ म्हणालं तर समजावं की सांधा सापडलेला नाही.

उलटी चूकही होते. ‘प्रगती’, ‘अनुमती’ अशा संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांत मधला ‘अ’ सांभाळतात. ‘प्रग्ती’ कानाला खटकतं.

तिसरी पायरी: शब्दांचे सांधे जुळवा

वेदपठणात शब्द सुटे म्हणायचा पदपाठ आणि सलग म्हणायचा संहितापाठ अशा दोन रीती आहेत. ध्वनी एकमेकांच्या अगदी निकट येणं म्हणजे संहिता, अशी व्याख्या पाणिनीने अष्टाध्यायीत (१.४.१०९) केली आहे. सरावासाठी ही जोडी फार कामाची आहे. आधी गटातले शब्द सुटे म्हणा, मग तोच गट सलग म्हणा, आणि सांध्यावर काय बदललं ते ऐका. पुढच्या चार प्रकारांपैकी काहीतरी सापडेल.

व्यंजनापुढे स्वर आला तर व्यंजन पुढच्या शब्दात सरकतं. ‘एक आंबा’ हे ‘एकांबा’ ऐकू येतं, ‘घर आहे’ हे ‘घराहे’. नवखे इथे स्वराआधी घशात बारीक झटका देतात. ‘एक’, मग गळा बंद, मग ‘आंबा’. चार मिनिटांच्या वाचनात असे पन्नास झटके बसले की आवाज दमतो आणि ऐकणाराही. सरकवायला शिका. एक धोका मात्र आहे. ‘फोन आला’ आणि ‘फोनाला’, ‘हात आला’ आणि ‘हाताला’ सरकवल्यावर सारखे होतात. झटका देऊन ते सोडवू नका. ‘आला’च्या पहिल्या ‘आ’वर आवाज किंचित उचला. प्रत्ययावर तो कधीच उचलला जात नाही, त्यामुळे फरक कळतो.

स्वरापुढे स्वर आला तर मध्ये एक सडपातळ ‘य’ किंवा ‘व’ येतो. ‘मी आलो’ हे ‘मीयालो’, ‘ते आले’ हे ‘तेयाले’, ‘तू आलास’ हे ‘तूवालास’. जीभ पुढे येणाऱ्या ‘इ-ए’नंतर य, ओठ गोल होणाऱ्या ‘उ-ओ’नंतर व. दोन्ही ‘आ’ असतील तर ते एकमेकांत मिसळतात: ‘मला आवडतं’ → ‘मलावड्तं’. हा ‘य’ किंवा ‘व’ मुद्दाम म्हणायचा नाही. आवाज न तोडता पुढे गेलात की तो आपोआप येतो. वेगळा अक्षर म्हणून ऐकू आला तर जास्त झाला.

व्यंजनापुढे व्यंजन आलं तर पुढचं व्यंजन मागच्याला आपल्यासारखं करू पाहतं. पुढे ‘ग, द, ब’ यांसारखं घोष (घसा थरथरतो असं) व्यंजन असेल तर मागचं अघोष (‘क, त, प’सारखं, घसा न थरथरणारं) घोष होतं: एक गाव → एग्गाव, एक दिवस → एग्दिवस, लोकगीत → लोग्गीत, हातगाडी → हाद्गाडी. उलट पुढे अघोष असेल तर मागचा घोष विझतो: जगप्रसिद्ध → जक्प्रसिद्ध, बघतो → बक्तो, नागपूर → जवळजवळ नाक्पूर. शाळेत ‘वाक् + देवी = वाग्देवी’ शिकलात ते हेच. पण शाळेतली सगळी यादी बोलत्या मराठीला लागू नाही. संस्कृतात ‘वाक् + ईश’चं ‘वागीश’ होतं आणि ‘वाक् + मय’चं ‘वाङ्मय’. मराठीत ‘एक आंबा’चं ‘एगांबा’ होत नाही, आणि ‘एक माणूस’ मधला ‘क’ जागचा हलत नाही. स्वर आणि अनुनासिक (‘न’, ‘म’ वगैरे) यांच्याआधी मराठी व्यंजन घट्ट उभं राहतं.

हा घोष-अघोषाचा बदल ‘चालतो’ या ढिगातला आहे. तो झाला तर झाला. ‘नागपूर’ मधला ‘ग’ पुरता ‘ग’च ठेवायचा म्हणून ‘नाग… पूर’ असं तोडण्यापेक्षा ‘नाक्पूर’कडे झुकलेला उच्चार शंभरदा बरा. पण तो ठरवून करायला जाऊ नका. ठरवून केला की विनोदी वाटतो.

सारखी व्यंजनं भेटली तर दोनदा सोडायची नाहीत, एकदाच धरून ठेवायची. ‘एक काम’ मध्ये ‘क’ बंद करा, क्षणभर धरा, मग ‘काम’ सोडा. ‘आठ ठिकाणी’ही तसंच. आकड्यांत असे सांधे जास्त येतात: ‘पाचशे’ सहज बोलण्यात ‘पाश्शे’ होतं, ‘आठशे’तला ‘ठ’ ‘ट’पर्यंत उतरतो. बाजारभाव किंवा निकाल वाचताना ‘पाश्शे’ टाळा आणि ‘पाच’ थोडा धरून म्हणा, आकडा चुकीचा ऐकू जायला नको.

महाप्राणाचं, म्हणजे हवेच्या झोतासह येणाऱ्या व्यंजनांचं, एवढं लक्षात ठेवा की शब्दाच्या सुरुवातीला आणि दोन स्वरांमध्ये ‘ख, घ, थ, ध, भ’ पूर्ण हवेत. शब्दाच्या शेवटी किंवा व्यंजनाआधी त्यांतला श्वास पातळ होतोच: ‘वाढदिवस’ → ‘वाड्दिवस’, ‘पाठबळ’ → ‘पाड्बळ’. ‘दूध’ या शब्दाच्या शेवटी जोरात हवा सोडणारे वाचक आहेत. तो फुसकारा माइक फार प्रामाणिकपणे टिपतो.

चौथी पायरी: अनुस्वार ठिकाणावर आणा

अनुस्वार हा एक ध्वनी नाही, पुढच्या व्यंजनाकडे बघून ठरणारी जागा आहे. ‘अंगण’ मध्ये तो ङ्, ‘चंचल’ मध्ये ञ्, ‘खंड’ मध्ये ण्, ‘संत’ मध्ये न्, ‘संप’ मध्ये म्. हे बहुतेकांना आपोआप जमतं. नियम शब्दाची हद्द ओलांडून चालतो याची मात्र कुणी दखल घेत नाही. ‘तीन’ या शब्दातला ‘न’ ‘तीन पोरं’ मध्ये ‘म्’ होतो, ‘तीन गावं’ मध्ये ‘ङ्’, ‘तीन ठिकाणी’ मध्ये ‘ण्’. आरशासमोर ‘तीन पोरं’ सलग म्हणा. ‘न’च्या वेळीच ओठ मिटलेले दिसले तर बरोबर.

खरी अडचण य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्याआधीच्या अनुस्वाराची. इथे ‘न’ किंवा ‘म’ म्हणायचा नाही. ‘य’च्या आधी नाकातला ‘य’ येतो, ‘ल’च्या आधी नाकातला ‘ल’, आणि बाकी सगळ्यांच्या आधी नाकातला ‘व’: संयम → संय्यम, संवाद → संव्वाद, संरक्षण → संव्रक्षण, मांस → मांव्स, सिंह → सिंव्ह, अंश → अंव्श. ‘सन्स्था’, ‘सम्वाद’, ‘सन्शय’ हे उच्चार हिंदी बुलेटिनं ऐकून शिरतात आणि मराठी कानाला लगेच परके वाटतात. जीभ वरच्या दातांमागे टेकली तर ‘न’ झालाच. ती न टेकवता ओठ किंचित गोल करा आणि हवा नाकातून जाऊ द्या. ‘सायन्स’, ‘फ्रान्स’ असं जिथे ‘न’ लिहिलेलाच आहे तिथे बेधडक ‘न’ म्हणा.

‘केलं’, ‘झालं’, ‘सांगितलं’ यांच्यावरचा टिंब नाकात जात नाही. तो फक्त ‘अ’ लांबवायची खूण आहे. तो लांबवला नाही तर ‘घरं’चं ‘घर’ होतं आणि अनेकवचन हरवतं. नाकात नेला तर ‘केलम्’ होतं, तेही वाईट. याउलट ‘त्यांनी’, ‘लोकांना’ यांतला अनुस्वार खरा आहे: ‘त्यान्नी’, ‘लोकान्ना’. तिथला ‘न’ दुप्पट धरला नाही तर ‘त्यांनी’ हे ‘त्याने’च्या जवळ जातं. बातमीत मंत्र्यांचा आदर त्या एका व्यंजनावर अवलंबून असतो.

जुनी पुस्तकं वाचून दाखवत असाल तर ‘नांव’, ‘पांच’ असे अनुस्वार भेटतील. ते उच्चारात नव्हतेच, म्हणून १९६२च्या लेखननियमांत काढून टाकले गेले. दिसले तरी नाक मध्ये आणू नका.

पाचवी पायरी: आघात आणि जोर वेगळे ओळखा

या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते. आघात शब्दाच्या आत असतो, जोर वाक्यात.

मराठीत जोडाक्षराआधीच्या अक्षरावर आघात येतो आणि जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन दुहेरी ऐकू येतं: ‘सत्य’, ‘विद्या’, ‘कल्याण’. पण सामान्यरूपात किंवा अनेकवचनात प्रत्ययामुळे तयार झालेल्या ‘य’च्या जोडाक्षराला आघात नसतो. म्हणून ‘पुण्याचं काम’ याचे दोन उच्चार होतात. पुण्य मिळवून देणारं काम असेल तर ‘पु’वर आघात आणि ‘ण’ दुहेरी. पुणे शहरातलं काम असेल तर ‘पु’ हलका आणि ‘ण्या’ एकेरी. ‘र’च्या बाबतीत लिपीनेच हा फरक जपला आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तिथे आघात. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या, तिथे नाही. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत एक गुरू आहे आणि दुसरा स्वयंपाकी. बाकीच्या व्यंजनांना अशी वेगळी खूण नाही, त्यामुळे ‘पुण्या’सारख्या ठिकाणी पेन्सिलीने लिहून ठेवा.

पुढचा शब्द जोडाक्षराने सुरू होत असेल तर मागच्या शब्दावर आघात घेऊ नका. ‘तो प्रश्न’ हे ‘तोप्प्रश्न’ होत नाही. संस्कृत श्लोकांची सवय असलेले वाचक इथे हमखास घसरतात.

आता जोर. शब्दातलं एखादं अक्षर जोरात म्हटल्याने मराठीत सहसा अर्थ बदलत नाही, पण वाक्यातला कुठला शब्द उचलला यावर सगळं फिरतं. ‘एक माणूस आला’ मध्ये ‘एक’ हलका ठेवला तर कुणीतरी आला. ‘एक’ उचलला तर एकच आला, बाकीचे आले नाहीत. ‘काही लोक उठून गेले’ हेही तसंच. ‘का’ तर जागेवर ठरतो: ‘तू का येणार?’ यात तो उचललेला आणि कारण विचारणारा, ‘तू येणार का?’ यात तो हलका, मागच्याला चिकटलेला, नुसता होय-नाही विचारणारा.

जोर कुठे द्यायचा हे न सुचल्यास क्रियापदाच्या लगेच आधीच्या जागेकडे बघा. मराठीत महत्त्वाची माहिती बहुधा तिथे बसते. ‘पुण्याला उद्या जाणार’ आणि ‘उद्या पुण्याला जाणार’ ही दोन उत्तरं दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. ‘च’ आणि ‘ही’ असतील तर जोर त्यांच्यावर नाही, त्यांच्या मागच्या शब्दावर: ‘मीच’ मध्ये ‘मी’ उचला, ‘च’ हलकाच राहू द्या.

सगळ्यात पसरलेला दोष म्हणजे प्रत्येक वाक्याचा शेवट ठोकणं: ‘…घेण्यात आली आहे’, ‘…सांगण्यात आलं आहे’. ‘आहे’मध्ये काहीही नवीन नसतं, आणि तरी तिथेच आवाज सगळ्यात मोठा असतो. शेवटचे तीन-चार शब्द सरळ उतरत्या आवाजात जाऊ द्या, फक्त ऐकू येणं थांबता कामा नये. आणखी एक दोष: पाठोपाठ तीन विशेषणं आली की तिन्ही उचलणं. एका गटात एकच जोर. दुसरा द्यावासा वाटला तर गट फोडा.

सहावी पायरी: ‘ह’ आणि ‘आहे’ची हद्द ठरवा

जोडणं कुठे संपतं आणि गिळणं कुठे सुरू होतं, याचा सगळ्यात चांगला निकष ‘ह’ आहे. तो मराठीतला सगळ्यात कच्चा ध्वनी. दोन स्वरांमध्ये तो विरतो, ‘नाही’चं ‘नाई’ होतं. कधी तो मागच्या व्यंजनात शिरतो, ‘लहान’चं ‘ल्हान’ आणि ‘महाराष्ट्र’चं ‘म्हाराष्ट्र’ होतं. निवेदनात ‘ह’ हलका ठेवा, पण ऐकू येऊ द्या. ‘तेव्हा’, ‘जेव्हा’ यांतही.

‘आला आहे’चं ‘आलाय’, ‘करतो आहे’चं ‘करतोय’ ही आता लिखाणात रुळलेली रूपं आहेत. वाचायच्या मजकुरात ‘आलाय’ लिहिलं असेल तर तसंच म्हणा. ‘आला आहे’ लिहिलं असेल तर बातमीत दोन्ही शब्द ठेवा, फक्त मध्ये झटका न देता. गप्पांच्या पॉडकास्टमध्ये ‘आलाय’ जास्त बरं. एकाच कार्यक्रमात दोन्ही मिसळले की मात्र वाचक गोंधळलेला वाटतो.

‘र’पुढे ‘ल’ येतो तिथे जीभ वळवायचा कंटाळा येतो आणि ‘विचारलं’चं ‘विचाल्लं’, ‘मारलं’चं ‘माल्लं’ होतं. हे गिळणंच. वेग कमी केल्याने ते सुटत नाही, वेग वाढताच परत येतं. त्यापेक्षा ‘र्ल’ असलेले दहा शब्द सलग म्हणा: धरलं, भरलं, उतरलं, विसरलं… रोज दोन मिनिटं. जिभेचं टोक ‘र’ला एकदा टिचकी मारून ‘ल’ला टेकतंय हे जाणवलं पाहिजे.

‘च’ आणि ‘ज’बद्दल एक सावधगिरी. ‘जात विचारली’ मधला ‘ज’ टाळूचा आणि ‘जात होता’ मधला दातांकडचा. ‘माझा’ मधला ‘झ’ दातांकडचा, पण पुढे ‘ई’ किंवा ‘य’ आला की टाळूकडे जातो: ‘माझी’, ‘माझ्या’. ‘आजचा’ सलग बोलताना ‘ज’ विरून दातांकडचा ‘च’ लांबतो, ‘आजची’ मध्ये दोन्ही टाळूकडे जातात. बोलताना हे कुणी चुकत नाही, वाचताना मात्र चुकतात. परदेशात वाढलेल्या आणि मराठी लिपीतून शिकलेल्या वाचकांनी असे शब्द आधी कुणाकडून तरी ऐकून घ्यावेत, कारण लिपी इथे काहीच मदत करत नाही.

सातवी पायरी: खुणा करून वाचा आणि तपासा

हा छोटा उतारा बघा:

काल रात्री आठ वाजता | पुण्याहून निघालेली बस | आज सकाळी दहाला | नागपूरला पोचली || वाटेत तीन ठिकाणी | गाडी थांबली | पण एकही प्रवासी | उतरला नाही || चालकाने विचारलं तेव्हा | सगळे म्हणाले की | आम्हाला नागपुरातच जायचं आहे ||

‘वाजता’ मध्ये ‘ज’चा ‘अ’ गळतो, ‘वाज्ता’. ‘पुण्याहून’ मध्ये आघात नाही. ‘बस’नंतर थांबा हवाच, नाहीतर ‘बसाज’ ऐकू येईल. ‘तीन ठिकाणी’ मध्ये ‘न’चा ‘ण्’ होऊ द्या. ‘एकही’ मध्ये ‘एक’ उचला, कारण वाक्याची गंमत तिथे आहे. त्यापुढे ‘प्रवासी’ आहे म्हणून ‘ही’ला आघात देऊ नका. ‘उतर्ला’ आणि ‘विचार्लं’ या दोन्हींत ‘र’ जिवंत ठेवा. ‘की’ मागच्याला टेकवा. शेवटच्या गटात ‘नागपुरात’ उचला आणि ‘जायचं आहे’ उतरत जाऊ द्या. ‘जायचं’चा शेवटचा ‘अ’ लांबवा, नाक मध्ये आणू नका.

स्वतःच्या उताऱ्यावर काम करताना तीन फेऱ्या करा. पहिली पदपाठाची, शब्द सुटे, जेणेकरून प्रत्येक शब्दाचा मूळ उच्चार पक्का होईल. दुसरी गटागटाने, हळू, प्रत्येक गट दोनदा. तिसरी सलग. शंभर शब्दांना पन्नास सेकंद ही सुरुवातीची चाल ठेवा. चाळीसच्या खाली गेलात तर गिळायला लागाल, सत्तरच्या वर गेलात तर सांधे उघडे पडतील. ध्वनिमुद्रण फक्त तिसऱ्या फेरीचं करा.

ऐकताना एका वेळी एकच गोष्ट शोधा. एकदा फक्त स्वरांआधीचे झटके मोजा, दुसऱ्यांदा फक्त अनुस्वार ऐका, तिसऱ्यांदा फक्त वाक्यांचे शेवट. सगळं एकदम तपासायला गेलात तर आपला आवाज आवडला नाही एवढंच कळतं.

मग ज्याने मजकूर पाहिलेला नाही अशा कुणाला तरी ते ऐकवा आणि ऐकू आलं तसं लिहून घ्यायला सांगा, थांबवून थांबवून चालेल. त्याने लिहिलेलं मूळ कागदाशी ताडून पाहा. जिथे त्याने वेगळाच शब्द लिहिला तिथे तुम्ही गिळलंत. जिथे शब्द बरोबर आहेत पण स्वल्पविराम भलतीकडे पडलाय, तिथे तुमचा गट चुकला. आणि एखादा शब्द पुन्हा ऐकायचा म्हणून तो मागे गेला असेल तर आधी त्या शब्दातला ‘ह’ आणि ‘र’ तपासा.